लंकाबाईचा पाय आणि माझी पाठ

लंकाबाईने माझ्या पाठीवर अकरा वेळा पाय दिला, आणि मी भरल्या खोलीत सांगितलं, की मी या बाईंना ओळखत नाही. तिच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. नाहीतर मी सवयीप्रमाणे आधी तिचं कौतुक करीन, मग गावाचं, आणि मुख्य गोष्ट शेवटी कुठेतरी दडपून टाकीन. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आहे. उत्तर येत नसलं की पोरं ते किती बारीक अक्षरात लिहितात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

लंकाबाई पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. आमच्या पाथर्डीच्या बाजूला अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं मानतात. पायाळूवर वीज पडते असंही मानतात. त्यामुळे लहानपणी आभाळ गडगडलं की तिची आई तिला घरात कोंडून ठेवायची. पुढे लग्न झालं आणि ऊसतोडीला जायला लागली, तेव्हा उघड्या रानात गडगडलं तरी तिला कुणी घरात घेतलं नाही, कारण तिथे घरच नव्हतं.

ती सहा वर्षांची असताना तिच्या माहेरच्या गावातला एक थोराड म्हातारा त्यांच्या उंबऱ्यापाशी येऊन पालथा झोपला. आजोबांनी तिला उचलून त्याच्या कमरेवर उभी केली. ती रडायला लागली. “घरात कुनाला पाय लागला तर आजा म्हनायचा, पाया पड. आन तिथं म्हनायचा, पाय दे. मला समजंच ना,” असं तिने मला एकदा सांगितलं होतं. मग तिचा तिनेच मार्ग काढला. पाय देऊन झाला की ती त्या माणसाच्या पाया पडायची. ही रीत तिला कुणी शिकवलेली नव्हती. अजूनही प्रत्येकाला पाय दिल्यावर ती वाकून नमस्कार करते. समोरचा माणूस तिच्याहून लहान असला तरी करते.

वैजनाथशी लग्न होऊन ती आमच्या गावात आली. दर वर्षी दिवाळी झाली की नवरा-बायको टोळीबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात ते होळीच्या पुढे-मागे परत येतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. हे वीस-बावीस वर्षं चाललंय. त्यांच्या ज्योतीला मी पहिली ते चौथी शिकवलं. म्हणजे अर्धं वर्ष शिकवलं आणि अर्धं वर्ष तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. गावातल्या पाठींनाही या हंगामाची सवय झाली होती. ज्याला थंडीत उसण भरे, तो कण्हत होळीची वाट बघे.

पाय देण्याचे नियम असे. दिवस उगवायच्या आत जायचं. लंकाबाईने तोंड धुतलेलं नसावं, कुणाशी बोललेली नसावी. उंबऱ्यापाशी पालथं पडायचं. ती डाव्या पायाने दुखऱ्या जागी तीनदा दाबते. मग उठायचं आणि निघायचं. तिला काही द्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर गुण जातो. शेवटचा नियम मला फार सोयीचा होता. आभार न मानणं हेच तिथे बरोबर होतं.

आता माझं सांगतो. माझी मुलगी प्रणिता फिजिओथेरपिस्ट आहे. लहानपणापासून पुण्यालाच शिकली, गावातली माणसं तिला फारशी माहीत नाहीत. लग्न करून पाथर्डीत आली आणि बसस्टँडच्या मागे तिने क्लिनिक टाकलं. मी निवृत्त झालो, घरात शोभाच्या, म्हणजे बायकोच्या, पायात पायात यायला लागलो, तेव्हा प्रणितानेच सांगितलं, “बाबा, सकाळी माझ्याकडे येऊन बसत जा. पेशंटची नावं लिहा.” तेव्हापासून मी रोज गावाहून स्कूटरवर पाथर्डीला जातो. बाहेरच्या खोलीत माझं टेबल. केसपेपरवर नाव, वय, गाव आणि तक्रार लिहायची आणि आत पाठवायचं. या चार रकान्यांत माझं पोट भरेना, म्हणून मी बसलेल्या पेशंटना व्याख्यानंही द्यायला लागलो. कुणीतरी मोबाईलवर मान कडकड वाजवणाऱ्या कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ दाखवी आणि विचारी, “मॅडम असं करतात का?” की मी सुरू. आवाज आला म्हणजे आजार गेला असं नसतं, शरीर म्हणजे काय बैलगाडीचं चाक आहे का, आणि आपल्याकडचे ते पायाळूबियाळू तर विचारूच नका. लोक माना डोलवायचे. मास्तरला याहून काय हवं?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी गॅसची टाकी उचलली आणि कंबरेत अशी चमक निघाली, की टाकी तिथेच ठेवून मी भिंतीला धरून उभा राहिलो. प्रणिताने तपासलं आणि व्यायाम दिले. पालथं झोपून हातांवर छाती उचलायची. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. “सहा आठवडे लागतील, बाबा.” मी चार दिवस केले. कंबर वर-खाली करताना शोभा दारातून बघायची आणि पदर तोंडाला लावायची. पाचव्या दिवशी पहाटे मी डोक्याला मफलर गुंडाळून लंकाबाईच्या वस्तीवर गेलो. मे महिन्यात मफलर. मला वाटलं, मला कुणी ओळखणार नाही.

लंकाबाईने मला बघितलं आणि ती दारातच थबकली. ज्योतीचे गुरुजी आपल्या उंबऱ्यापाशी पालथे पडताहेत हे तिला बघवेना. पण नियमाप्रमाणे ती बोलली नाही. तीनदा पाय दिला. तिच्या पायाला भेगा होत्या आणि त्या सदऱ्यातून टोचल्या. मग ती वाकून माझ्या पाया पडली. मी न बोलता, मागे न बघता घरी आलो. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला हलकं वाटलं.

तीन आठवड्यांनी प्रणिता म्हणाली, “बघा, व्यायामाने फरक पडला ना?”

“पडला ना,” मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ती तिच्या पेशंटना माझं उदाहरण द्यायला लागली. “माझे बाबा बघा, पासष्टीला आलेत. नेमाने व्यायाम करतात.” लोक कौतुकाने माझ्याकडे बघायचे आणि मी ताठ बसायचो. ताठ बसवेना झालं, की दुसऱ्या पहाटे पुन्हा मफलर. असं दिवाळीपर्यंत आठ वेळा झालं. मग लंकाबाई ऊसतोडीला गेली आणि माझी पाठ पोरकी झाली. त्या थंडीत माझ्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. कधी चप्पल पायातून निसटायची आणि मला कळायचंही नाही. प्रणिताला सांगितलं असतं तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, व्यायाम करता का? म्हणून नाही सांगितलं.

होळीनंतर लंकाबाई आली आणि मी आणखी तीनदा गेलो. अकराव्या वेळी मी नियम मोडून बोललो. “डाव्या पायाला मुंग्या येतात गं. आज जरा जोरात दे.” तिने जोरात दिला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, सोमवारी, क्लिनिकमध्ये सहा-सात जण बसलेले असताना दार उघडलं आणि लंकाबाई आत आली. एका हाताने कंबर धरलेली, एक पाय ओढत. बावरून तिने सगळीकडे बघितलं, आणि मी दिसलो तसा तिचा चेहरा फुलला. परक्या ठिकाणी गावातलं माणूस भेटल्यावर फुलतो तसा.

“आगं बाई, गुर्जी! तुमी हितं? बरं झालं बाई. मला तर घाम फुटला हुता.” मग आतल्या पडद्याकडे बघून म्हणाली, “ही तुमचीच लेक व्हय? तिला सांगा की, लंकाबाई आलीया म्हनून. गुर्जी मला लई चांगलं वळखत्यात.”

शेवटचं वाक्य तिने खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं. बँकेचे एक साहेब होते, त्यांना मी नुकतंच पायाळूंच्या अडाणीपणावर ऐकवलं होतं. ते माझ्याकडे बघायला लागले. पडदा सरकवून प्रणिता बाहेर आली. “बाबा, तुम्ही ओळखता यांना?”

विचार करायला मला वेळ होता. घाबरून तोंडातून निघून गेलं, असं मला म्हणता येणार नाही. मला दिसत होतं, की हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, कसे ओळखता? आणि ही साधी बाई सगळं सरळ सांगून टाकील.

“नाही,” मी म्हणालो. “गावाकडच्या असतील. माझी ओळख नाही.”

लंकाबाईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने पदर सारखा केला आणि प्रणिताला म्हणाली, “व्हय ताई. म्याच चुकले. आमच्या गावचं गुर्जी येगळं हायेत. तोंडावळा सारखा दिसला.”

तिने माझी लाज झाकली. मी तिला नाकारलं त्याच खोलीत, त्याच मिनिटाला. मग मी नाटक पुरतं वठवायचं म्हणून पेन उघडलं आणि विचारलं, “नाव?” तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि गाव म्हणून माहेरचं गाव. मी लिहिलं. वय विचारायचं राहिलं. तिच्याकडे पुन्हा बघायची हिंमत नव्हती, म्हणून अंदाजाने साठ लिहिलं आणि कागद आत दिला.

पडद्याआडचं सगळं माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतं. प्रणिता विचारत होती, कधीपासून दुखतंय, मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का. “टाचांवर चालून दाखवा. हं. आता अंगठा वर उचला, मी दाबते, तुम्ही दाबू द्यायचा नाही.” मग म्हणाली, “साठीच्या मानाने ताकद चांगली आहे. पण आता मोळ्या उचलणं बंद.” लंकाबाई वयाबद्दल काही बोलली नाही.

“आधी कुठे दाखवलंत? कुणा पायाळूकडून लाथा मारून घेतल्या नाहीत ना? असल्या लोकांना पोलिसात द्यायला हवं.”

मग लंकाबाईचं हळू आवाजात, “न्हाई ताई.” आणि जरा थांबून, मोठ्याने, पडद्याबाहेर जाईल इतक्या मोठ्याने तिने विचारलं, “ताई, येखाद्याच्या पायाला मुंग्या येत आसल्या, आन त्याच्या पाठीवर कुनी जोरात पाय दिला, तर काय व्हतं वो?”

“शीर आणखी दबते. पाय लुळा पडू शकतो.”

“आन त्यानं वेळेवर दाखवलं तर?”

“तर बरा होतो. पण दाखवायला हवं.”

तो प्रश्न माझ्यासाठी होता. बाहेर बँकेचे साहेब मला काहीतरी विचारत होते आणि मी ऐकू आलं नाही असं करून रजिस्टरच्या रेघा बघत होतो. जाताना ती टेबलाजवळून गेली. थांबली नाही. मागे वळूनही बघितलं नाही.

पुढच्या रविवारी पहाटे मी तिच्या वस्तीवर गेलो. माफी मागायला गेलो असं लिहिलं तर छान दिसेल. तसं नव्हतं. पाठ दुखत होती म्हणून गेलो. एवढं सगळं कानांनी ऐकूनही गेलो. सहा आठवड्यांचे व्यायाम आणि तीन मिनिटांचा पाय, यातून मी पुन्हा पायच निवडला. बोलायचं नसतं, म्हणून त्या दिवसाबद्दलही बोलावं लागणार नाही, असा हिशेब मनात होताच.

अंगणात चारजण आधीच उभे होते. ट्रॅक्टरवाला भिमाजी कंबरेवर हात ठेवून पुढे होता. लंकाबाई दारात आली. आणि नियम मोडून ती आधीच बोलली.

“आजपास्नं पाय देनं बंद.”

“का गं? काय झालं?” भिमाजी म्हणाला.

“माजीच पाठ गेलीया.”

भिमाजी हसला. “पायाळूची पाठ? मग आमाला इतकी वर्सं काय दिलं तू?”

बाकीचेही हसले. लंकाबाई खाली बघत राहिली. या बाईला आयुष्यात मान म्हणून जे काही मिळालं, ते त्या डाव्या पायामुळे. एरवी मोळी वाहणाऱ्या बाईच्या दारात पहाटे कोण आलं असतं? तो मान ती स्वतःच्या तोंडाने काढून टाकत होती.

“हसा,” ती म्हणाली. “म्या पाथर्डीला जाते, बाईकडं. ती सांगती तसं निजते, उठते. तिनं मला शिकवलं कुनाच्या पाठीला हात लावू ने ते. मला ठावं नव्हतं. ठावं नसताना म्या लई जनांस्नी पाय दिला.” आणि मग ती माझ्याकडे वळली. “गुर्जी, तुमाला गेल्या खेपेला जोरात दिला. तुमी म्हनलात म्हनून दिला. तवाधरनं माज्या डोळ्याला डोळा न्हाई. पाय कसा हाय?”

“लंकाबाई, त्या दिवशी माझं…”

“त्ये ऱ्हाऊ द्या. टाचंवर चालून दावा.”

“अं?”

“टाचंवर. चौडे वर करून. ताईनं मला चालाय लावलं, तसं. चाला.”

तिच्या अंगणात, चार माणसांपुढे, मी टाचांवर चाललो. उजवं पाऊल वर राहिलं. डावं पाऊल उचललं की फटकन खाली पडायचं. मी जोर लावला, पुन्हा पडलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तो फट फट आवाज येत राहिला. भिमाजीचं हसू थांबलं. लंकाबाईने तोंडावर हात ठेवला.

“आज सांगा पोरीला,” ती म्हणाली. “आजच्या आज. म्या दिलाय म्हनून सांगा. माजं नाव घ्या, पर सांगा.”

तिला वाटत होतं, की दोष तिचा आहे.

त्या दिवशी रविवार, क्लिनिक बंद; प्रणिताच्या घरी जाता आलं असतं, पण मी गेलो नाही. सोमवारी सकाळी गेलो, लोक बसलेले असताना. आदल्या सोमवारी ज्या खोलीत नाही म्हणालो होतो, त्याच खोलीत सांगायचं ठरवलं होतं. एक दिवस उशीर केला याला मोठेपणा म्हणावं की पुन्हा भित्रेपणा, ते मला ठरवता आलेलं नाही. बँकेचे साहेब नेमके होते.

“प्रणिता, माझ्या डाव्या पायात ताकद नाही. थंडीपासून मुंग्या येतात. मी व्यायाम चार दिवसच केले. वर्षभर पायाळूकडून पाय घेत होतो.”

ती हातातला कागद खाली ठेवायचंही विसरली. “किती वेळा?”

“अकरा.”

“कुणाकडून?”

इथे मला ‘एक बाई आहे’ म्हणता आलं असतं. “लंकाबाईकडून. मागच्या सोमवारी आल्या होत्या त्या. मी त्यांना ओळखतो. चांगला ओळखतो. त्यांनी मला काही केलेलं नाही, जोरात दे असं मीच सांगितलं.”

प्रणिताने मला आत नेलं, माझा अंगठा धरला, दाबला. तो बोटभरही वर राहिना. तेव्हा तिचे डोळे भरले. “बाबा, मी लोकांना तुमचं उदाहरण देत होते,” एवढंच ती म्हणाली. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, तशी आमच्या घरची पद्धतच आहे. पण ती माझं पाऊल हातात धरून बसून राहिली, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

नगरला नेऊन एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, तूर्त ऑपरेशन नको, व्यायाम करा, पाऊल कदाचित सुधारेल. हा ‘कदाचित’ मी पायात घालून हिंडतो आहे. कंबर दहा वेळा उचलतो, शोभा आता हसत नाही, बाजूला बसून मोजते. प्रणिताने मला टेबलावर राहू दिलं. व्याख्यानं मात्र मीच बंद केली.

पुढे एका गुरुवारी लंकाबाई आली. खोली भरलेली होती. मी खुर्चीतून उठलो, आणि तिच्यासारखंच वाकून तिच्या पायांना हात लावायचा म्हणून पुढे झालो, तेवढ्यात आतून प्रणिता ओरडली, “बाबा! कंबरेतून वाकायचं नाही!” मी अर्ध्यातच राहिलो, टेबलाला धरून. लंकाबाई दोन पावलं मागे सरली होती.

“आसं काय करताय गुर्जी,” ती घाबरून म्हणाली. “बसा. नाव लिवा माजं.”

मी बसलो. तिचा केसपेपर काढला. नाव होतं, गाव होतं, तक्रार होती. वयाच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात साठ होतं. इतकी वर्षं एका गावात राहिलो. पोर शिकवली, अकरा वेळा दारात पडलो. तरी मला विचारावं लागलं.

“लंकाबाई, तुमचं वय किती?”

ती बोटांवर मोजत राहिली. “ज्योती झाली तवा म्या अठराची हुते. ज्योतीचं साल तुमीच शाळंत लिवलंय की.”

लिहिलं होतं. ज्योती तेवीस वर्षांची आहे. मी वजाबाकी-बेरीज करून तिच्याकडे बघितलं. पांढरे केस, सुरकुतलेली मान, कंबरेवर हात. माझ्या प्रणिताहून ही फक्त सहा वर्षांनी मोठी होती.

मी साठ खोडलं आणि वर एकेचाळीस लिहिलं. खाडाखोड स्पष्ट दिसते. शाळेत मी खाडाखोडीचा एक मार्क कापत असे.